बेहेऱ्यांचा गडगा आणि माझा तांबू

मी, श्रीमती सुनंदा रामजी मर्चंडे, वय वर्षे त्र्याहत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त परिचारिका, राहणार मिरजोळे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणाच्या दडपणाखाली तर नव्हेच, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवत आहे. याआधी मी असे काही लिहिलेले नाही. कुठे सापडलेच तर ते माझे नव्हे असे समजावे.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याशिवाय मी कान तपासून घेतले, तोही दाखला जोडला आहे. मृत्युपत्राला कानांचा दाखला कोणी लावत नाही, असे वकील म्हणाले. मी म्हटले, तुम्ही लावा. पुढचे वाचून माझा मुलगा सम्यक म्हणेल की आईला शेवटी शेवटी भास होत होते. मला कसलेही भास झालेले नाहीत. मला जे ऐकू आले ते फक्त कुत्र्याचे भुंकणे, आणि ते साऱ्या वाडीला ऐकू आले आहे.

माझे पती रामजी वारले. मला दोन अपत्ये. सम्यक कल्याणला असतो. मुलगी स्वप्ना खेडला दिलेली आहे; तिचे यजमान प्रथमेश तिथल्या एसटी आगारात आहेत.

कलम १. घर.

मिरजोळे येथील चिऱ्याचे कौलारू घर, विहीर व सभोवतालची जागा माझ्या नावे आहे. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस औद्योगिक वसाहतीकडे जाणारा रस्ता, उत्तरेस पाखाडीची दगडी पायवाट, दक्षिणेस पऱ्या म्हणजे ओढा, आणि पश्चिमेस कै. वासुदेव ऊर्फ अण्णा बेहेरे यांचे घर व आंब्याची बाग. बेहेऱ्यांच्या आणि माझ्या जागेत फक्त एक गडगा आहे. सुटे दगड रचून केलेली, कमरेएवढी भिंत.

हे घर रामजींनी कंपनीतली फिटरची नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी स्वतः राबून बांधले. आम्ही जागा घेतली तेव्हा वाडीतल्या काहींना ते रुचले नव्हते. अण्णांनी मात्र स्वतः उभे राहून हद्द दाखवली आणि गडग्याला दगड कमी पडले तेव्हा आपल्या बागेतले दिले. पुढे काय काय झाले ते खाली येईलच, पण हे आधी लिहायला हवे होते.

हे घर माझ्या मागे सम्यकला मिळावे. त्याला ते विकायचे आहे हे मला ठाऊक आहे. फोनवर तो विषय काढत नाही, म्हणून जास्तच ठाऊक आहे. त्याने खुशाल विकावे. परंतु घेणाऱ्याला कलम ३ ते ६ पूर्ण वाचायला द्यावीत आणि त्यानंतरच बयाणा घ्यावा. ही अट आहे, विनंती नव्हे.

कलम २. बाकीच्या वस्तू.

रामजींची हत्यारांची पेटी, पाने, कानशी, पाइप धरायचा शिकंजा यांसह, जावई प्रथमेश यांना द्यावी. ते हत्यार वापरून पुसून ठेवतात. माझे रक्तदाब मोजायचे यंत्र व औषधांची बॅग वाडीतल्या आशा सेविका समीक्षा हिला. बँकेतल्या ठेवींपैकी निम्म्या स्वप्नाला, उरलेल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेला; तिथे पंखे नाहीत आणि मुले घामाघूम होऊन अभ्यास करतात. माझ्या पश्चात त्रिशरण पंचशील व्हावे, जेवण साधे असावे. बाकी काही करू नये.

कलम ३. तांबू.

कायद्याने कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे, असे वकिलांनी सांगितले. तेव्हा त्याचीही व्यवस्था लावणे आले.

ज्या वर्षी सगळे बंद होते त्या वर्षी औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याने एक पिल्लू आले आणि माझ्या मागच्या दारी बसले. अंगावर जांभ्याच्या धुळीचा रंग, म्हणून तांबू. तो भुंकत नसे. दूधवाला येवो, टपालवाला येवो, अंगणातून धामण जावो, हा मान वर करून बघायचा आणि परत झोपायचा. लोक म्हणायचे, बाईंचा कुत्रा मुका आहे.

मग एका वर्षी शिमगा झाल्यावर तो भुंकू लागला. फक्त दुपारी. जेवणे होऊन भांडी पालथी पडली, वाडी आडवी झाली, की हा उठायचा, गडग्याच्या कोपऱ्यात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाखाली जाऊन उभा राहायचा आणि भुंकायचा. चावायला धावणाऱ्या कुत्र्यासारखा नव्हे. दारावर आलेल्या माणसाला जा म्हटले, आणि तो जातच नाही, तेव्हा आपला आवाज जसा होतो, तसा. चहाच्या वेळेला आपोआप थांबायचा.

गडग्याच्या पलीकडे बेहेऱ्यांची मागची पडवी. तिथे खाट टाकून अण्णा दुपारी झोपत. त्यांची पत्नी गोदावहिनी गेल्यापासून ते एकटेच होते. मुलगा गंधार पुण्याला. वहिनींच्या शेवटच्या आजारात रोजची इंजेक्शने मी दिली होती, त्यामुळे आमचे येणे-जाणे होते. पहिल्यांदा अण्णा माझ्याकडे येऊन चहा पिऊन गेले आणि कुत्र्याचे काहीतरी करा असे हसत म्हणाले. दुसऱ्यांदा हसले नाहीत. तिसऱ्यांदा ते स्वतः आले नाहीत, ग्रामपंचायतीचा कागद आला.

मी हयगय केली नाही. तांबूला बांधून ठेवले. तो साखळी ताणून त्याच दिशेला भुंकला. खोलीत कोंडले, भिंतीकडे तोंड करून भुंकला. गुरांच्या डॉक्टर मृणाली शेट्ये यांना बोलावले. त्यांनी दात, कान, पोट सगळे पाहिले आणि एक दुपार मुद्दाम माझ्याकडे थांबल्या. जाताना म्हणाल्या, "आजार काही नाही. पण साप-मुंगूस असतं तर त्याने खाली बघितलं असतं. तो वर बघतोय. उभ्या माणसाकडे बघतात तेवढं वर."

अण्णांनी पोलिसात अर्ज दिला तेव्हा हवालदार सुजय भाटकर चौकशीला आले. त्यांनी आधी पलीकडून पाहिले, मग माझ्या बाजूने पाहिले, मग कमरेवर हात ठेवून बराच वेळ गडग्याकडे बघत राहिले. मला म्हणाले, "बाई, ह्याचं तोंड तुमच्याकडे नाय नि बेहेऱ्यांकडे पण नाय. मधीच कायतरी बघतो. आता मधल्यावर मी कोणाची केस करू?"

शेवटी तंटामुक्ती समितीची बैठक लागली. अण्णांनी झोपेचा मुद्दा मांडला. मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. तेव्हा समितीतले एक गृहस्थ, ज्यांचे नाव मी इथे लिहिणार नाही, म्हणाले की मुळात त्या वेळी जागा घेऊ दिली हेच चुकले. अण्णांनी मान खाली घातली आणि एक शब्द बोलले नाहीत. त्या वाक्याचा मला राग आला, पण अण्णांच्या मान खाली घालण्याचा जास्त आला. वाक्याचा राग मी कोणाच्या नावे करत नाही, तो माझ्याबरोबर जाईल. दुसऱ्या रागाची फेड झाली, ती कशी ते पुढे आहे.

मी तांबूला स्वप्नाकडे खेडला पाठवले. तिथे तो पहिल्या दिवसापासून मुका. दुपारी नातवंडांच्या पायाशी झोपायचा.

इकडे दुपार शांत झाली. मी पुष्कळ शांतता ऐकलेली आहे. रुग्णालयात पहाटे वॉर्ड शांत होतो ती निराळी आणि एखाद्या खाटेवरचा श्वास थांबतो ती निराळी. ही दुसऱ्या जातीची होती. गडग्यावर रोज खारी पळायच्या, सातभाई कलकलायचे. ते सगळे रातांब्याचा कोपरा सोडून बसू लागले.

अण्णांनी आंब्याची पेटी पाठवली. मी ठेवून घेतली, पण स्वतः एकही आंबा खाल्ला नाही.

त्या दिवसांत मी आमसुले वाळत घातली होती. आभाळ भरून आले म्हणून दुपारचीच उचलायला गेले. गडग्याकडे पाठ करून सूप भरत होते. तेव्हा जे वाटले ते फक्त आमच्या व्यवसायातल्या बाईला नीट कळेल. पेशंटचा नातेवाईक कधी कधी मागे येऊन उभा राहतो. त्याला काहीतरी विचारायचे असते, धीर होत नाही. तो बोलत नाही, पण हातातले काम चालू असताना पाठीला कळते की मागे कोणीतरी आहे आणि आपण वळायची वाट बघते आहे. तसे मला कळले. मी वळले. गडगा होता, रातांबा होता. मी भुताखेतांना मानत नाही. बावीस प्रतिज्ञांच्या घरात वाढलेली बाई आहे. मी सूप उचलले आणि घरात आले. धावले नाही, एवढे नोंदवून ठेवते.

पुढे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसू लागले की अण्णांची खाट मागच्या पडवीतून गेली. पडवीचे दार लागले. काही दिवसांनी माजघराची खिडकी लागली. मग पाखाडीवरून पाहिले तर खाट पुढच्या ओटीवर आलेली आणि सबंध घराची दारे-खिडक्या भर उन्हाळ्यात बंद. अण्णा खाटेवर बसून असत. झोपत नसत.

एका दुपारी ते पाखाडीने फिरून माझ्या पुढच्या दारी आले. छत्री नाही, डोक्यावर काही नाही. पायरीवरच बसले. मी पाणी दिले, ते प्यायले.

"सुनंदाबाई," ते म्हणाले, "कुत्रा परत आणा."

मी म्हटले, "अण्णा, तुम्हीच घालवलात."

"हो. मीच घालवला." त्यांनी पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला. "तुम्हांला वाटलं, त्याने माझी झोप मोडते. तसं नव्हतं. तो भुंकला की मला कळायचं, आलं म्हणून. मला ते कळायला नको होतं. तो गेला की कळणार नाही, एवढंच माझं मागणं होतं."

"आणि आता?"

"तो होता तोवर ते गडग्याशी थांबायचं. आता माजघरात आहे."

मी विचारले, काय दिसते. ते म्हणाले, काही दिसत नाही, ऐकूही येत नाही; फक्त खोलीत शिरले की खोली रिकामी नसते. मी परिचारिकेसारखेच प्रश्न विचारले: औषधे कोणती, झोप किती, जेवण काय. त्यांनी सगळ्यांची नीट उत्तरे दिली. शेवटी मी जे विचारायला नको ते विचारले, की गोदावहिनींची आठवण तर नाही ना.

अण्णा शांतपणे म्हणाले, "गोदा असती तर मी आत बोलावलं नसतं का?"

दुसऱ्या दिवशी मी खेडला गेले. नातवंडे रडली. प्रथमेशनी ओळखीचा टेम्पो दिला. तांबू वाटेत सबंध वेळ माझ्या पायावर डोके ठेवून होता. घरी उतरल्यावर तो नेहमीच्या कोपऱ्यात गेला, हुंगला आणि भुंकला नाही. गडग्याचे दगड एका जागी ढासळून फट पडली आहे, तिथून पलीकडे गेला, बेहेऱ्यांच्या घराला वळसा घालून पुढच्या ओटीशी पोचला. अण्णांनी त्याला बघून दार उघडले. तांबू उंबऱ्यापर्यंत गेला, आत पाऊल टाकले नाही. आत तोंड करून भुंकू लागला. तेच भुंकणे. मी त्याच्या मागोमाग ओटीपर्यंत गेले होते. अण्णा खाली बसले आणि त्यांनी तांबूच्या मानेवर हात ठेवला. ते रडत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर मोकळे झाल्यासारखे होते. आपल्याला जाणवते ते दुसऱ्या कोणालातरी कळते आहे, याचे ते रडणे.

तेव्हापासून दुपारी अण्णा माझ्या पडवीत येऊन झोपू लागले. त्यांची खाटच आम्ही इकडे आणली. तांबू गडग्याच्या फटीत उभा राहून बेहेऱ्यांच्या घराकडे भुंकायचा आणि त्या आवाजात अण्णा घोरायचे. वाडीने नावे ठेवली. तंटामुक्तीच्या त्याच गृहस्थांनी पाखाडीवरून जाताना काहीतरी विचारले. अण्णा खाटेवर उठून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मी ह्यांच्याकडे झोपतो, कारण ह्यांचं घर चांगलं आहे. ह्यांना जागा घेऊ दिली हे मी आयुष्यात केलेलं एक बरं काम. त्या दिवशी बोलायचं राहिलं होतं." मग कूस बदलून झोपले. त्यांच्यावरचा माझा राग तिथे फिटला. तो कोणाला वारसाने जात नाही.

गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत अण्णा त्याच खाटेवर गेले. मी जवळ सुपारी कातरत बसले होते. तांबू भुंकत होता. श्वास थांबलेला मला कळला. नाडी पाहिली, डोळे मिटले होतेच. चेहऱ्यावर ताण नव्हता. तांबू थोडा वेळ भुंकला आणि त्या दिवशी चहाच्या वेळेआधीच थांबला.

कलम ४. गंधार बेहेरे यांच्या तक्रारीबद्दल.

अण्णांच्या घराची रंगरंगोटी करून गंधारने पाहुण्यांना राहायला देण्याचा व्यवसाय काढला. त्याच्या वतीने मला नोटीस आली की माझ्या कुत्र्याच्या भुंकण्याने पाहुण्यांना त्रास होतो. तिला माझे उत्तर हेच: आता तांबू बेहेऱ्यांच्या घराकडे भुंकत नाही. अण्णा गेल्यावर ते घर स्वच्छ आहे. पाहुण्यांना निवांत झोपू द्यावे. गंधारशी माझे वैर नाही. अण्णांची खाट त्याने न्यावी, ती सागाची आहे.

कलम ५. तांबू आता कुठे भुंकतो.

अण्णांनंतर काही दिवस तो गप्प होता. मग पुन्हा रातांब्याच्या कोपऱ्यात उभा राहू लागला, पण तोंड माझ्या घराकडे. पावसाळ्यात विहिरीशी. दसऱ्याच्या सुमारास मागच्या दाराशी. मी अण्णांसारखी दारे लावली नाहीत. मला वाटले, इतकी वर्षे लोक माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि विचारायला कचरले; तेव्हा मीच वळून विचारत असे, आणि माणूस मोकळा होऊन निघून जात असे. अण्णांनी ते विचारले नाही. ते एका खोलीतून दुसरीत गेले. म्हणून गेल्या आठवड्यात, दुपारी, तांबू दाराशी भुंकत असताना, मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून दाराकडे बघून म्हटले, "काय हवंय?"

तांबू गप्प झाला. इतका पटकन तो कधी गप्प झालेला नाही. बाहेर ऊन होते आणि दारात कोणी नव्हते. मला बरे वाटले. मी वळले, भांडे उचलले. तेव्हा तो पुन्हा भुंकू लागला. तो दाराबाहेरच होता, जागचा हलला नव्हता, पण आता तो दाराकडे बघत नव्हता. माझ्या मागे बघत होता.

मला इजा काही झालेली नाही. भूक चांगली आहे, रात्री झोप लागते. मी घर सोडणार नाही, ते रामजींनी बांधले आहे. दुपारची फक्त अंगणात बसते. परंतु माझे वय झाले, आणि हे माझ्यानंतर घरात येणाऱ्याला माहीत असले पाहिजे, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ६. सूचना.

तांबू स्वप्नाला द्यावा. मी गेल्यावर त्याच दिवशी त्याला खेडला न्यावे, एक दुपारही इथे ठेवू नये. त्याने पुष्कळ राखण केली, आता नातवंडांच्या पायाशी झोपू दे.

स्वप्ना, घर आवरायला आलीस तर सकाळी ये आणि जेवायच्या आधी बाहेर पड. मुलांना आणू नकोस. सम्यक, तू हसशील ते माहीत आहे. हस, पण दुपारी आत थांबू नकोस. आणि कोणालाही, अगदी तुला वाटले तरी, काय हवंय म्हणून विचारू नकोस.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. वरील मजकूर मी स्वतः सांगितला, तो मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, आणि तो समजून मी सही करत आहे.

ठिकाण: मिरजोळे, जि. रत्नागिरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) सुनंदा रामजी मर्चंडे

साक्षीदार

आम्ही खाली सही करणार असे लिहून देतो की श्रीमती मर्चंडे यांनी वरील सही आज दुपारी आमच्या दोघांच्या समक्ष केली व त्यानंतर आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या. त्यांच्या इच्छेवरून हे सर्व अंगणात बसून झाले. त्यांच्यावर कोणाचे दडपण नाही याची खात्री व्हावी म्हणून आम्ही सहीपूर्वी घरातील प्रत्येक खोली पाहिली. घरात कोणीही नव्हते. आम्ही बाहेर येऊन सह्या करीपर्यंत कुत्रा उघड्या दाराशी उभा राहून आत बघत भुंकत होता.

१. (सही) डॉ. मृणाली दामोदर शेट्ये, पशुवैद्यक, रत्नागिरी
२. (सही) सुजय पांडुरंग भाटकर, निवृत्त पोलीस हवालदार, रत्नागिरी